डीएटी पॉझिटिव्ह, एल्युएट मात्र रिकामं: एल्युशन परत परत फसतं तेव्हा काय तपासायचं

डीएटी (डायरेक्ट अँटिग्लोब्युलिन टेस्ट) म्हणजे तांबड्या पेशींवर अँटीबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट (तिला साथ देणारी प्लाझ्मातली प्रथिनं) बसलंय का ते पाहणारी तपासणी. एल्युशन म्हणजे पेशींवरची अँटीबॉडी उतरवणं, आणि ती उतरून आलेला द्रव म्हणजे एल्युएट. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या बऱ्याच ब्लड बँकांमध्ये एल्युशन हे रोजचं काम नाही. कधीतरी नवजात बाळाची केस येते, कधी उल्हासनगरकडचा नियमित रक्त घेणारा थॅलेसेमियाचा पेशंट, कधी ऑटोइम्यून हिमोलिसिस (शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडतं). मध्ये दिवस जातात, हात बसत नाही आणि त्याच चार-पाच चुका फिरून येतात. महागडं किट बदलण्याआधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

लक्षणं

आपल्यासमोर यातलं नेमकं कोणतं चित्र आहे ते आधी ठरवा:

- डीएटी आयजीजीने (अँटीबॉडीचा एक प्रकार) २+ ताकदीची किंवा अधिक, पण एल्युएट पॅनेलच्या (अँटिजेन माहीत असलेल्या तयार सेलचा संच) एकाही सेलशी लागत नाही, म्हणजे गुठळी होत नाही.
- लास्ट वॉशही (पेशी शेवटी धुतलेला द्रव) पॉझिटिव्ह, कधी एल्युएटइतकाच.
- एल्युएट घातला की पॅनेलच्या सेल फुटतात, ट्यूब लालसर दिसते.
- एल्युएट सगळ्या सेलशी सारख्याच ताकदीने लागतो.
- टायपिंगसाठी (पेशींवर कोणते अँटिजेन आहेत ते ओळखण्यासाठी) पेशींवरची अँटीबॉडी काढायला क्लोरोक्विन वापरलं, तरी डीएटी पॉझिटिव्हच. किंवा पेशीच फुटल्या.

पेशंटचा कागद वाचा

याला पाच मिनिटं आणि एक फोन पुरतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं का, गर्भारपण, अँटी-डीचं इंजेक्शन, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन), सध्याची औषधं, वेगळ्या ग्रुपच्या प्लेटलेट. वॉर्डातल्या सिस्टरना विचारलं की हे लगेच कळतं. रिक्विझिशन फॉर्मवर सहसा नसतं.

उत्तर इथेच मिळू शकतं. सेफ्ट्रिॲक्सोनमुळे तयार झालेली अँटीबॉडी औषध समोर असेल तेव्हाच लागते. साध्या पॅनेलवर एल्युएट निगेटिव्ह येणं हेच तिथे अपेक्षित आहे. पेनिसिलिनच्या अँटीबॉडीला त्या औषधाचा लेप दिलेल्या सेल लागतात. क्लाव्ह्युलानेट, सल्बॅक्टम, टॅझोबॅक्टम यांच्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनं नुसती चिकटतात. डीएटी पॉझिटिव्ह येते, पण उतरवायला खरी अँटीबॉडी नसतेच. आयव्हीआयजीमध्ये अँटी-ए आणि अँटी-बी असतात आणि पॅनेलच्या सगळ्या सेल ओ ग्रुपच्या, मग त्या दिसणार कशा?

शिवाय प्रत्येक पॉझिटिव्ह डीएटीला एल्युशन लागत नाही. हिमोलिसिसची खूण नाही, गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही, बाळाची केस नाही, तर एल्युशन करून पेशंटच्या उपचारात सहसा काही बदलत नाही. तिथे सॅम्पल आणि वेळ दोन्ही वाचवा.

डीएटी खरी आहे ना?

ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेल्या सॅम्पलवरच भरवसा ठेवा. फ्रिजमध्ये राहिलेल्या, गुठळी झालेल्या रक्तात काचेच्या नळीतच कॉम्प्लिमेंट पेशींवर बसतं आणि खोटी डीएटी मिळते. पॉलिस्पेसिफिकवर (दोन्ही एकत्र पाहणारा अभिकर्मक) न थांबता आयजीजी आणि सी३डी (कॉम्प्लिमेंटचा तुकडा) वेगवेगळे लावा. फक्त सी३डी पॉझिटिव्ह असेल, तर एल्युएट बहुधा रिकामाच येणार आणि तो तंत्राचा दोष नव्हे. सलाईन कंट्रोलही पॉझिटिव्ह आला, तर पेशी आपसूकच चिकटताहेत. बहुतेकदा कोल्ड ऑटोॲग्लुटिनिन (गार तापमानाला स्वतःच्याच पेशी चिकटवणारी अँटीबॉडी) असतं. अशा पेशी ३७° से. तापमानाच्या सलाईनने धुऊन डीएटी पुन्हा करा. ट्यूबमध्ये काम करत असाल तर निगेटिव्ह निकालावर चेक सेल (आयजीजीचा लेप दिलेल्या सेल) लागल्याच पाहिजेत. लागल्या नाहीत तर एएचजी (डीएटीचा अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन अभिकर्मक) वाया गेलं आहे आणि तो निकाल धरायचा नाही.

सलाईन

कॅनवरची उघडल्याची तारीख पाहा आणि पीएच पट्टी बुडवा. बफर न केलेलं सलाईन हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्लधर्मी होत जातं. आम्लानेच आपण अँटीबॉडी उतरवतो, म्हणजे आम्लधर्मी सलाईनने धुताना ती वॉशबरोबर सिंकमध्ये जाते आणि एल्युएटसाठी उरत नाही. पट्टी ६.५ ते ७.५ च्या बाहेर दाखवत असेल तर तो कॅन एल्युशनसाठी वापरू नका.

तापमानाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. एप्रिल-मे महिन्यांत एसी नसलेल्या कोपऱ्यात ठेवलेला कॅन चांगलाच कोमट असतो. कमी पकडीची आयजीजी अशा सलाईनमध्ये सुटते. ॲसिड एल्युशनसाठी पेशी धुताना सलाईन आधी २ ते ८° से. तापमानात गार करून घ्या. किटबरोबर स्वतंत्र वॉश सोल्यूशन दिलं असेल तर तेच वापरा. त्याची आयनिक ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते, म्हणजे धुताना अँटीबॉडी सुटत नाही. ते संपलं म्हणून साधं सलाईन घालून किट पुढे चालवणं हे रिकाम्या एल्युएटचं नेहमी सापडणारं कारण आहे. गार सलाईनला अपवाद एकच, वर सांगितलेल्या कोल्ड ॲग्लुटिनिनचा.

धुणं: सगळ्यात जास्त बिघाड इथे

'चार वॉश दिले' एवढं म्हणून काहीच कळत नाही. प्रत्येक वॉशला आत किती द्रव उरला होता आणि वर किती सलाईन पडलं, त्यावर सगळं ठरतं. हिशेब करून पाहा.

१२×७५ मिमीच्या छोट्या ट्यूबमध्ये १ मिलि पॅक्ड सेल आहेत. वरचा द्रव काढताना साधारण १ मिलि राहून गेला आणि ट्यूबमध्ये जागा होती म्हणून ३ मिलि सलाईन घातलं. म्हणजे दर वॉशला द्रव फक्त ४ पट पातळ झाला. चार वॉशनंतर ४×४×४×४ = २५६ पट. प्लाझ्मातल्या अँटीबॉडीचा टायटर (किती पट पातळ केली तरी ती दिसते तो आकडा) ५१२ असेल, तर चौथ्या वॉशमध्येही ती दिसण्याइतकी उरते. लास्ट वॉश पॉझिटिव्ह येणारच.

आता त्याच पेशी १५ मिलिच्या निमुळत्या सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये घ्या. वरचा द्रव ०.५ मिलि उरेपर्यंत काढा आणि ९.५ मिलि सलाईन घाला. दर वॉशला २० पट. चार वॉशमध्ये १,६०,००० पट. वॉश तितकेच, फरक फक्त ट्यूबचा आणि द्रव काढण्याच्या काळजीचा.

म्हणून मोठी ट्यूब घ्या. सलाईन जोराने सोडा, म्हणजे तळाचा गठ्ठा पूर्ण सुटतो. गठ्ठ्याच्या पोटात अडकलेला प्लाझ्मा ट्यूब नुसती उलटसुलट करून निघत नाही. कमीत कमी चार आणि टायटर जास्त असेल तर सहा वॉश द्या. मात्र एकदा धुणं सुरू केलं की मध्ये थांबायचं नाही. अर्ध्या धुतलेल्या पेशी सलाईनमध्ये तशाच ठेवून जेवायला गेलं, तर अँटीबॉडी हळूहळू सुटत राहते आणि शेवटच्या वॉशमध्ये जमा होते. मग लास्ट वॉश पॉझिटिव्ह येतो आणि धुणं कमी पडलं असं वाटून आणखी वॉश दिले जातात, म्हणजे एल्युएट अजून दुबळा होतो. पॉझिटिव्ह लास्ट वॉशच्या या दोन कारणांवर नेमके उलटे उपाय आहेत. टायटर जास्त असेल तर वॉश वाढवा. पकड कमी असेल तर गार सलाईन घ्या आणि वेळ कमी करा.

आणखी एक सोपी गोष्ट. शेवटच्या वॉशनंतर पेशी नव्या, स्वच्छ ट्यूबमध्ये घ्या. पहिल्या ट्यूबच्या काचेला प्लाझ्मातलं प्रथिन चिकटलेलं असतं आणि एल्युशनच्या वेळी तेही उतरून एल्युएटमध्ये मिसळतं.

लास्ट वॉशचा द्रव जपून ठेवा आणि एल्युएटच्या शेजारी, त्याच सेल आणि त्याच पद्धतीने लावा. लास्ट वॉश लावलाच नाही, तर एल्युएटमध्ये अँटी-के (केल गटाच्या के अँटिजेनविरुद्धची अँटीबॉडी) सापडली तरी ती पेशींवरची की प्लाझ्मातली हे सांगता येत नाही. असा रिपोर्ट सही करून बाहेर जाऊ नये.

वेळ, तापमान आणि सेंट्रिफ्यूज

गार ग्लायसिन-ॲसिड पद्धतीत १ मिलि धुतलेल्या पॅक्ड सेल बर्फाच्या पाण्यात ५ मिनिटं ठेवायच्या. त्यात १ मिलि गार सलाईन आणि ०.१ मोलर, पीएच ३.० चं २ मिलि गार ग्लायसिन घालून मिसळायचं. बर्फात बरोबर १ मिनिट. लगेच ९०० ते १००० जी वेगाने २-३ मिनिटं फिरवायचं आणि वरचा द्रव ताबडतोब वेगळा करायचा. इथे मिनिट म्हणजे टायमरचं मिनिट. जास्त वेळ ठेवलं की पेशी फुटतात आणि एल्युएट लाल होतो.

हीट पद्धतीत पेशी आणि ६% बोव्हाइन अल्ब्युमिन सारख्या प्रमाणात घेऊन ५६° से.ला १० मिनिटं ठेवतात आणि मधून मधून हलवतात. वॉटर बाथच्या डिस्प्लेवर विसंबू नका, कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर पाण्यात बुडवून वाचा. ट्यूबमधल्या द्रवाची पातळी बाहेरच्या पाण्याच्या खाली असली पाहिजे. खरी गफलत त्यानंतर होते. बाथमधून काढलेली ट्यूब गार सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवली की सुटलेली अँटीबॉडी पेशींवर परत बसू लागते. सेंट्रिफ्यूजचे कप आधी बाथमध्ये गरम करा, सेंट्रिफ्यूज रिकामं ठेवून तयार असू द्या, फिरवणं संपताच द्रव काढा. दुसऱ्या कोणाच्या ट्यूब निघायची वाट पाहण्यात एल्युएट दुबळा होतो.

लुई फ्रीज पद्धतीत ०.५ मिलि धुतलेल्या पेशी, ३ थेंब सलाईन, झाकण लावून ट्यूब फिरवायची म्हणजे पेशींचा पातळ थर आतून सगळीकडे बसतो. मग आडवी करून फ्रीझरमध्ये १० मिनिटं. वितळवणं झटक्यात व्हायला हवं, कारण अर्धवट फुटलेल्या पेशींतून अँटीबॉडी पुरेशी निघत नाही. नळाच्या पाण्याचा भरवसा नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी गरम येतं, पावसाळ्यात गार. ३७° से.चा बाथ वापरलात तर दरवेळी निकाल सारखा मिळतो. या पद्धतीत एल्युएट लालच असतो, तिथे लाल रंगाला घाबरायचं नाही.

बफर आणि पीएच

एल्युएटने पॅनेलच्या सेल फुटत असतील तर पेशी सोडा, आधी न्यूट्रलायझेशन (बफर घालून आम्ल मारणं) पाहा. ग्लायसिनच्या एल्युएटमध्ये दर मिलीला ०.१ मिलि फॉस्फेट बफर, पीएच ८.२, घालतात. हा बफर फ्रिजमध्ये ठेवला की तळाशी स्फटिक जमतात. वरचं पाणी घेतलं तर त्यात फॉस्फेट कमी, मग एल्युएट आम्लधर्मी राहतो आणि पॅनेलच्या सेल फोडतो. वापरण्याआधी बाटली ३७° से.ला ठेवून स्फटिक पूर्ण विरघळवा, हलवा, मगच पिपेट घाला. नंतर एल्युएटचा एक थेंब पीएच पट्टीवर टाका. ७ च्या आसपास नसेल तर पुढे जाऊ नका. बफर घातल्यावर बारीक गाळ दिसला तर पुन्हा फिरवून स्वच्छ द्रव घ्या.

पीएच बरोबर आहे आणि तरी सेल थोड्याशा फुटताहेत, तर ४ भाग एल्युएटला १ भाग २२% बोव्हाइन अल्ब्युमिन घालून पाहा. ग्लायसिन गढूळ दिसलं तर सरळ टाकून द्या. किटमध्ये बफर थेंबांनी घालायचा असेल तर माहितीपत्रकातला रंगबदल होईपर्यंत घाला, सवयीच्या थेंबांवर थांबू नका.

एल्युएट त्याच दिवशी लावा. प्रथिन कमी असलेल्या द्रवात अँटीबॉडी टिकत नाही. उद्यावर टाकणं भागच असेल तर अल्ब्युमिन घालून गोठवून ठेवा.

पद्धत चुकीची निवडली का?

आई ओ, बाळ ए किंवा बी, डीएटी दुबळी, बिलिरुबिन चढतंय. इथे लुई फ्रीज किंवा हीट. एबीओच्या अँटीबॉडीसाठी या दोन्ही चांगल्या, आणि लुईला पेशीही कमी पुरतात, बाळाच्या सॅम्पलमध्ये तेच महत्त्वाचं. पण आरएच, केल, किड यांसारख्या रक्तगटांविरुद्धच्या उष्ण (शरीराच्या तापमानाला लागणाऱ्या) आयजीजीसाठी लुई वापरलं तर निराशाच होईल. तिथे ॲसिड पद्धतच घ्या. ईथर, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन यांच्या जुन्या पद्धती चालतात, पण ईथर पेट घेतं आणि बाकीची दोन विषारी आहेत. फ्यूम हूड नसलेल्या, खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत ती बाटली उघडूच नये असं आमचं ठाम मत आहे.

पॅनेल वाढवा

आता थोडा खर्च. ओ सेलसोबत ए१ आणि बी सेल लावा. बाळाच्या केसमध्ये एल्युएट सगळीकडे निगेटिव्ह आणि आईचा अँटीबॉडी स्क्रीनही निगेटिव्ह असेल, तर एल्युएट बापाच्या पेशींवर लावून पाहा. बापाचा एबीओ ग्रुप आईच्या प्लाझ्माशी जुळणारा हवा. पॅनेलवर नसलेल्या दुर्मीळ अँटिजेनविरुद्धची अँटीबॉडी तिथे लागते.

सगळ्या सेलशी लागणारा एल्युएट बहुधा उष्ण ऑटोअँटीबॉडीचा असतो, पण नुकतंच रक्त दिलेल्या पेशंटमध्ये तसं मानून मोकळं होऊ नका. आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली ज्याची नोंद केली, तो बॉम्बे ग्रुप (यात पेशींवर एच अँटिजेनच नसतो). रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये (पेशंटचा प्लाझ्मा माहीत असलेल्या सेलशी लावताना) ओ सेल लावल्या नाहीत तर हा पेशंट ओ म्हणून नोंदला जातो आणि त्याला ओ रक्त जातं. त्याची अँटी-एच सगळ्या ओ सेलशी लागणारच. जुनं सॅम्पल काढून अँटी-एच लेक्टिन (एच अँटिजेन ओळखणारं वनस्पतीचं प्रथिन) लावा.

टायपिंगसाठी पेशी मोकळ्या करताना

इथे अँटीबॉडी फेकून द्यायची असते, जपायची असते ती पेशी. आधी विचारा की त्याची गरज आहे का. आयजीएम मोनोक्लोनल अभिकर्मकांना एएचजीची पायरीच नसते. आरएच, केल, किड यांचं टायपिंग कंट्रोलसह तसंच होऊ शकतं. डफीसारख्या, एएचजीनेच वाचाव्या लागणाऱ्या अँटिजेनसाठी मात्र पेशी मोकळ्या कराव्या लागतात. आणि पेशंटला तीन महिन्यांच्या आत रक्त दिलं असेल तर क्लोरोक्विन कितीही छान चाललं तरी टायपिंग दात्यांच्या आणि पेशंटच्या मिसळलेल्या पेशींचं होईल. महिन्या-महिन्याला रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये ही चूक सर्रास होते. तिथे जीनोटायपिंगसाठी (डीएनएवरून टायपिंग) पाठवा.

क्लोरोक्विन डायफॉस्फेट २०%, म्हणजे दर मिलीला २०० मिग्रॅ. ०.२ मिलि धुतलेल्या पॅक्ड सेल, ०.८ मिलि द्रावण. रूम टेम्परेचरला ३० मिनिटं. थोडा भाग काढून चार वेळा धुवा आणि फक्त अँटी-आयजीजीने तपासा. अजून पॉझिटिव्ह असेल तर बाकीचा भाग पुढे चालू ठेवा, दर ३० मिनिटांनी पाहा, पण एकूण २ तासांच्या पुढे अजिबात नाही. पुढे गेलं की पेशी फुटतात आणि आरएचसारखे अँटिजेन दुबळे पडतात, मग खोटं निगेटिव्ह टायपिंग मिळतं. रूम टेम्परेचर म्हणजे २०-२५° से.; मे महिन्यात लाइट गेल्यावर आपल्या खोलीत असतं ते नव्हे. तपासताना पॉलिस्पेसिफिक एएचजी वापरू नका. क्लोरोक्विन कॉम्प्लिमेंट काढत नाही, त्यामुळे सी३ असलेल्या पेशी शेवटपर्यंत पॉझिटिव्हच दिसतील आणि तुम्ही उगाच वेळ वाढवत बसाल.

ईडीटीए-ग्लायसिन-ॲसिड, म्हणजे ईजीए, जास्त ताकदीचं. पीएच १.५ च्या ग्लायसिनचे २० भाग आणि १०% ईडीटीएचे ५ भाग मिसळा. १० भाग पॅक्ड सेलना या मिश्रणाचे २० भाग, २ ते ३ मिनिटं, लगेच १ भाग १ मोलर ट्रिस, फिरवा, चार वेळा धुवा. यात केल गटाचे अँटिजेन नष्ट होतात, म्हणून ईजीए केलेल्या पेशींचं केल टायपिंग कधीही रिपोर्ट करू नका. दोन्ही पद्धतींत शेजारी एक डीएटी-निगेटिव्ह सेल ठेवा, ज्या अँटिजेनसाठी तपासताय त्याचा एकच डोस (एकाच पालकाकडून आलेला) असलेली. तिच्यावर अँटिजेन टिकला नाही, तर पेशंटचं निगेटिव्ह टायपिंग धरायचं नाही.

कुठे थांबायचं

खालचं काही असेल तर स्वतः तिसरा प्रयोग न करता बीटीओंना (ब्लड ट्रान्सफ्यूजन ऑफिसर) ताबडतोब कळवा. रक्त दिल्यानंतर हिमोग्लोबिन घसरतंय किंवा लघवी लाल आहे. बाळाचं बिलिरुबिन वेगाने चढतंय. एल्युएट सगळ्या सेलशी लागतोय आणि रक्ताची मागणी तातडीची आहे. औषधाचा संशय आहे; तिथे एल्युशन पूर्ण होण्याची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळायला हवं, कारण औषध बंद करण्याचा निर्णय त्यांचा. आणि वरचं सगळं नीट करून दोन वेळा एल्युएट रिकामा आला, तर तिसऱ्या वेळी फक्त सॅम्पल संपेल. तातडीत कोणतं रक्त द्यायचं हा निर्णय टेक्निशियनने एकट्याने घ्यायचा नाही.

पुढचा टप्पा संदर्भ प्रयोगशाळेचा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी) आहे. आधी फोन करून किती आणि कोणत्या ट्यूब हव्यात ते विचारा. रक्त २ ते ८° से.ला, बर्फाचा पॅक ट्यूबला थेट टेकणार नाही असा गुंडाळून पाठवा. गोठलं की पेशी फुटतात आणि काही करता येत नाही. न धुतलेल्या पेशी पाठवा, आणि उरलेला एल्युएट व लास्ट वॉश वेगवेगळ्या ट्यूबमध्ये. प्रत्येकीवर पद्धत, तारीख, वेळ आणि अल्ब्युमिन घातलं का ते लिहा. रक्त चढवल्याच्या तारखा आणि चालू औषधांची यादी कागदावर सोबत हवीच.